चौथ्या श्रेणीचा प्रबंध



ज्यांच्या स्मृतीस हे व्याख्यान वाहिले आहे, त्या सरांचे एक ऋण आज मला मान्य करावयाचे आहे. मी नवखा शिक्षक असताना वर्गात एका मुलाने विचारले, ‘‘हायड्रोक्लोरिक आम्ल पाण्यात फुटते, मग त्यातला हिरवट क्लोरीन दिसत का नाही?’’ मी त्याला दटावून खाली बसविले. सायंकाळी सर एवढेच म्हणाले, ‘‘अहो, मिठाविषयी हाच आक्षेप अऱ्हेनियसवर घेतला गेला होता!’’

त्या रात्री मी हा इतिहास प्रथमच नीट वाचला. स्वीडनच्या स्वांते अऱ्हेनियस यांनी १८८४ मध्ये, वयाच्या पंचविसाव्या वर्षी, द्रावणांच्या विद्युतवाहकतेवरील प्रबंध उप्साला विद्यापीठास सादर केला. त्याला चौथी श्रेणी मिळाली. त्यातील बीजातून १८८७ मध्ये त्यांचा सिद्धांत पूर्णपणे साकारला. वीजप्रवाह नसतानाही आम्ल, अल्कली व क्षार यांचे रेणू पाण्यात आयनांमध्ये विभागलेले असतात, असे त्यांनी मांडले. विद्युतभार धारण केलेला क्लोरीन आणि क्लोरीन वायू यांचे गुणधर्म सर्वस्वी भिन्न, हे आक्षेपाचे उत्तर होते. १९०३ मध्ये त्यांना रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

परंतु तीव्र आम्लांनी या सिद्धांतालाही अडविले. ओस्टवाल्ड यांचा १८८८ चा विरलतेचा नियम ॲसेटिक आम्लाला लागू पडे; हायड्रोक्लोरिक आम्लाला मात्र पडेना. तीव्र विद्युत-अपघटनी पदार्थांचे विचरण अंशतः नव्हे, पूर्णच होते, हा विचार डेन्मार्कच्या ब्येरुम यांनी १९०९ मध्ये आणि कलकत्त्याच्या ज्ञानेंद्रचंद्र घोष यांनी १९१८ मध्ये पुढे आणला. घोषांचे गणित टिकले नाही. आयनांच्या परस्पर आकर्षणाचा भक्कम हिशेब १९२३ मध्ये डेबाय व ह्युकेल यांनी मांडला.

पाण्याचे कार्यही नंतर उलगडले. कोरडा हायड्रोजन क्लोराइड टोल्युइनमध्ये विरघळविल्यास ते द्रावण वीज वाहून नेत नाही. पाण्यात विरघळविल्यास उत्तम नेते. आम्ल आपला प्रोटॉन पाण्याच्या रेणूस देते, तेव्हाच हायड्रोनियम व क्लोराइड हे आयन निर्माण होतात.

दुसऱ्या दिवशी मी त्या मुलाला उभे केले आणि वर्गासमोर त्याची क्षमा मागितली. त्याचा प्रश्न चुकीचा नव्हता. माझे वाचन अपुरे होते. चौथी श्रेणी देणारे परीक्षकही विद्वानच होते, हे उत्तरपत्रिका तपासताना मी पुढे कधी विसरलो नाही.