व्हिटॅमिन ई: एक आशा आणि १९९९ चा निकाल

मागच्या भागानंतर एका ताईंनी विचारलं: "आईचं तोंड मानसिक आजाराच्या गोळ्यांमुळे सारखं हलतं. व्हिटॅमिन ई दिलं तर थांबेल का?" या प्रश्नाला मोठा इतिहास आहे.

१९५२ साली पॅरिसमध्ये झाँ डिले आणि पिएर डेनिकर यांनी मनोरुग्णांना क्लोरप्रोमाझिन दिलं. वर्षानुवर्षं वॉर्डात अडकलेली माणसं शांत झाली, बोलू लागली. पण काही वर्षांतच डॉक्टरांना वेगळंच दिसलं. काहींचे ओठ चघळल्यासारखे हलत, जीभ बाहेर येई. औषध थांबवलं तरी हे थांबेलच असं नव्हतं. १९६४ मध्ये याला नाव मिळालं 'टार्डिव्ह डिस्कायनेशिया', म्हणजे उशिरा येणारी, आपल्या हातात नसलेली हालचाल. याच गटातली औषधं आज बायपोलर आजारात मूड स्थिर ठेवायलाही देतात.

हे होतं का? एक तर्क असा: औषध डोपामिनची वाट अडवतं, मग मेंदू ते जास्त बनवतो. ते मोडताना फ्री रॅडिकल्स तयार होतात आणि पेशींना इजा करतात. व्हिटॅमिन ई तर अँटिऑक्सिडंट! १९८७ मध्ये अमेरिकेत मोजक्या रुग्णांवर प्रयोग झाला आणि हालचाली कमी झाल्या. पुढच्या काही छोट्या प्रयोगांतही फायदा दिसला. स्वस्त गोळी, साधा उपाय. कुणाला आवडणार नाही?

मग मोठी परीक्षा झाली. अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या ९ रुग्णालयांत १५८ रुग्ण, रोज १६०० युनिट व्हिटॅमिन ई किंवा नुसती खोटी गोळी, दोन वर्षांपर्यंत. १९९९ मध्ये निकाल आला: दोन्ही गटांत फरक नाही.

वाईट वाटतं ना? पण या 'नाही'चीही किंमत आहे. त्यामुळे शोध दुसरीकडे वळवता आला. २०१७ मध्ये अमेरिकेत या त्रासावरची पहिली दोन औषधं मंजूर झाली, व्हाल्बेनाझिन आणि ड्युटेट्राबेनाझिन. ती मेंदूपेशीतल्या डोपामिन साठवणाऱ्या पंपावर काम करतात. आपल्या सर्पगंधेतलं रिसर्पिनही त्याच पंपाला अडवतं, बरं का!

तर ताई, आईच्या गोळ्या स्वतःहून बंद करू नका आणि व्हिटॅमिनवर विसंबू नका. तोंडाच्या हालचालीचा मोबाइलवर छोटा व्हिडिओ घ्या आणि डॉक्टरांना दाखवा. लवकर दाखवलेलं बरं. भेटू पुढच्या भागात.