मोटारहोमने परदेशवारी: नकाशाआधी कागदपत्रे

बोरी अरब (जि. यवतमाळ) : दारव्हा तालुक्यातील बोरी अरबहून निघालेली मोटार थेट कन्याकुमारीला पोचली, तरी चालकाला त्याचा नेहमीचा वाहनपरवाना पुरतो. युरोपात तेवढ्याच अंतरात चार-पाच देश ओलांडले जातात. झोपण्याची, स्वयंपाकाची आणि स्वच्छतागृहाची सोय असलेली मोटारहोम भाड्याने घेऊन युरोप पाहण्याची हौस मराठी कुटुंबांतही रुजू लागली आहे. मात्र, गेल्या काही वर्षांत सीमांवरील नियम झपाट्याने बदलले. आधी गाडीची आगाऊ रक्कम भरून नंतर व्हिसाचा विचार करणाऱ्यांची सहल सुरू होण्यापूर्वीच बिघडू शकते. म्हणूनच आधी दिवस मोजावेत, मग मार्ग आखावा आणि गाडी शेवटी ठरवावी.

नव्वद दिवसांचा हिशेब

शेंगेन करारात २९ देश आहेत. क्रोएशिया २०२३ मध्ये त्यात आला, तर रुमानिया आणि बल्गेरियाच्या भूसीमा १ जानेवारी २०२५ पासून खुल्या झाल्या. ब्रिटन, आयर्लंड आणि सायप्रस या व्यवस्थेबाहेर आहेत. पर्यटकाला कोणत्याही १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस राहता येते. ही मर्यादा प्रत्येक देशाला वेगळी नसून सर्व २९ देशांना मिळून आहे. येण्याचा आणि जाण्याचा दिवसही त्यात धरला जातो.

उदाहरणार्थ, १ मे ते ९ जून हे ४० दिवस जर्मनीतील मुलाकडे राहिलेले आई-वडील १ ऑगस्टला मोटारहोमच्या सहलीसाठी पुन्हा गेले, तर त्यांच्या हाती ५० दिवस उरतात. त्यांना १९ सप्टेंबरपर्यंत बाहेर पडावे लागेल. व्हिसावर याहून कमी दिवस लिहिले असतील, तर तीच मर्यादा पाळावी लागते.

मोटारहोमच्या मार्गात आणखी एक खाच असते. फ्रान्समधून इंग्लंडला जाऊन पुन्हा फ्रान्समध्ये यायचे असेल, तर एकदाच प्रवेश देणारा शेंगेन व्हिसा चालत नाही. अनेक प्रवेशांचा व्हिसा लागतो. ब्रिटनचा व्हिसा अर्थातच वेगळा.

अर्ज कोठे, किती आधी?

ज्या देशात सर्वाधिक दिवस मुक्काम, त्या देशाकडे अर्ज करावा. दिवस समान असतील, तर पहिल्या प्रवेशाच्या देशाकडे. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि किमान १५ दिवस आधी करावा लागतो. उन्हाळी हंगामात शेवटच्या मुदतीवर विसंबणे धोक्याचे आहे. जून २०२४ पासून प्रौढांसाठी शुल्क ९० युरो झाले. वैद्यकीय विम्याचे संरक्षण किमान ३० हजार युरोंचे हवे. पारपत्र परतीनंतर आणखी तीन महिने वैध असले पाहिजे. एप्रिल २०२४ मध्ये युरोपीय आयोगाने भारतीयांना एक सवलत दिली. मागील तीन वर्षांत दोन व्हिसा मिळवून नियमानुसार वापरलेल्यांना दोन वर्षांचा, अनेक प्रवेशांचा व्हिसा मिळू शकतो.

शिक्क्याऐवजी संगणक

पारपत्रावरील शिक्क्यांची जागा घेणारी संगणकीय प्रवेश-निर्गमन नोंदणी १२ ऑक्टोबर २०२५ पासून टप्प्याटप्प्याने सुरू झाली. पूर्ण अंमलासाठी १० एप्रिल २०२६ ही तारीख ठरविण्यात आली. प्रवाशाचे छायाचित्र आणि येण्या-जाण्याच्या तारखा त्यात नोंदल्या जातात. पूर्वी पुसट शिक्क्यामुळे नजरेआड होणारा एखादा जादा दिवसही आता संगणक दाखवितो. जादा राहिल्यास दंड, प्रवेशबंदी आणि पुढच्या व्हिसाला अडथळा असे परिणाम संभवतात. अमेरिकी किंवा ब्रिटिश पारपत्र असलेल्या नातेवाइकांना व्हिसा लागत नाही. त्यांच्यासाठी 'एतियास' या पूर्वपरवानगीची योजना आहे. व्हिसा घेऊन जाणाऱ्या भारतीयांना ती लागू नाही.

शेंगेनमधील सीमा एरवी खुल्या असल्या, तरी जर्मनीने सप्टेंबर २०२४ मध्ये आपल्या सर्व भूसीमांवर तात्पुरती तपासणी सुरू केली. त्यामुळे पारपत्र कायम हाताशी ठेवावे.

परवाना आणि गाडीचे वजन

आंतरराष्ट्रीय वाहनपरवान्यासाठी बोरी अरबच्या रहिवाशाला यवतमाळच्या परिवहन कार्यालयाकडे 'नमुना ४-अ'मध्ये अर्ज करावा लागतो. शुल्क एक हजार रुपये आणि मुदत जास्तीत जास्त एक वर्ष. अर्जासोबत पारपत्राची व आवश्यक तेथे व्हिसाची प्रत लागते. त्यामुळे हे काम व्हिसानंतर येते. मूळ परवानाही सोबत न्यावा.

खरी अडचण वजनाची. भारतात हलक्या वाहनाची मर्यादा साडेसात हजार किलो आहे, तर आंतरराष्ट्रीय परवान्यातील 'बी' गट ३,५०० किलोंपर्यंतच्या गाड्यांसाठी असतो. मोठ्या मोटारहोम त्याहून जड असतात. ऑस्ट्रियात ३,५०० किलोंवरील गाड्यांची पथकर पद्धतही वेगळी आहे. गाडी ठरविताना पाणी, सामान आणि माणसांसह एकूण वजन पाहावे. कोणत्या देशांत गाडी नेण्यास परवानगी आहे, हे भाडेकरारात लेखी असावे.

स्वतःची गाडी नेता येईल?

स्वतःच्या गाडीसाठी अनेक देशांत 'कार्ने' हा सीमाशुल्क दस्तऐवज लागतो. गाडी परत नेली जाईल, याची ती हमी असते. त्यासाठी अनामत ठेवावी लागते आणि प्रत्येक सीमेवर नोंद करून घ्यावी लागते. भूमार्गाची स्थिती मात्र कठीण झाली आहे. म्यानमारमध्ये फेब्रुवारी २०२१ च्या लष्करी सत्तापालटानंतर पूर्वेकडील वाट बेभरवशाची झाली. पश्चिमेला अटारीचा तपासणी नाका भारताने एप्रिल २०२५ मध्ये बंद केला. नेपाळ आणि भूतानची वाट तुलनेने सोपी आहे. नेपाळमध्ये गाडीसाठी सीमेवर 'भन्सार' भरावा लागतो, तर भूतानमध्ये भारतीय पर्यटकाला दर रात्री १,२०० रुपये शाश्वत विकास शुल्क द्यावे लागते.

डब्यातले तूप

फिरत्या स्वयंपाकघरासाठी घरून शिधा नेण्याची सवय असते. मात्र, भारतातून युरोपीय संघात दुग्धजन्य व मांसजन्य पदार्थ नेण्यास मनाई आहे. साजूक तूप, खवा आणि पेढे त्यात येतात. ताज्या कढीपत्त्याला वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र लागते. ब्रिटननेही एप्रिल २०२५ पासून युरोपीय संघातून मांस व दुग्धजन्य पदार्थ आणण्यावर बंदी घातली. त्यामुळे फ्रान्समध्ये घेतलेले चीज इंग्लंडच्या बोटीत चढण्यापूर्वीच संपवावे लागते.

नियम पुन्हा बदलू शकतात. म्हणून गाडीचे आरक्षण रद्द करता येण्याजोगे ठेवावे, पूर्ण रक्कम व्हिसा हाती आल्यावरच भरावी आणि निघण्याच्या आठवड्यात संबंधित दूतावासांच्या सूचना पुन्हा वाचाव्यात. मार्गातील एखादा देश गळाला, तरी उरलेली सहल त्यामुळे वाचते.