सिंग, मनोहारी

सिंग, मनोहारी : (८ मार्च १९३१ – १३ जुलै २०१०). हिंदी चित्रपटसंगीतातील अग्रगण्य सॅक्सोफोनवादक व वाद्यवृंद-संयोजक, राहुलदेव बर्मन यांचे प्रमुख साहाय्यक आणि बासुदेव चक्रवर्ती यांच्यासह ‘बासू-मनोहारी’ या नावाने संगीत देणाऱ्या जोडीतील एक. जन्म एका नेपाळी कुटुंबात. उमेदवारी कलकत्त्यात झाली. १९५८ पासूनची सारी कारकीर्द मात्र मुंबईची. सॅक्सोफोन हे हॉटेलातल्या नाचाचे आणि पडद्यावरच्या खलनायकाच्या अड्ड्याचे वाद्य, अशी जी समजूत होती ती मोडून त्याला गाण्यातला दुसरा गळा बनवण्याचे काम ज्या थोड्या वादकांनी केले, त्यांत मनोहारी सिंग यांचे नाव पहिले घ्यावे लागते.

घरात फुंकवाद्यांची परंपरा होती. आजोबा आणि वडिलांची पिढी बँडमध्ये वाजवणारी, त्यामुळे मुलाच्या हाती लहानपणीच बासरी आली. किशोरवयात ते कलकत्त्याजवळच्या बाटानगर येथे, बाटा या पादत्राणांच्या कंपनीच्या बँडमध्ये दाखल झाले. तिथले बँडमास्तर जोसेफ न्यूमन हे हंगेरियन गृहस्थ होते. पाश्चात्त्य स्वरलिपी वाचण्याची शिस्त त्यांच्या हाताखाली लागली आणि तीच पुढे जन्मभराचे भांडवल ठरली. न्यूमन नंतर एचएमव्ही कंपनीत गेले, त्यांच्या पाठोपाठ मनोहारीही ध्वनिमुद्रणाच्या जगात आले. कळांची बासरी, पिकोलो, क्लॅरिनेट ही त्यांची आधीची वाद्ये. सॅक्सोफोन हाती आला तो कलकत्त्यातील रात्रीच्या हॉटेल-जीवनात. फिर्पोजसारख्या उपाहारगृहांत नाचासाठी बँड लागत आणि त्या बँडमध्ये सॅक्सोफोनशिवाय पान हलत नसे. एकीकडे सिंफनी वाद्यवृंदातली कागदावरची काटेकोर शिस्त, दुसरीकडे समोरच्या नाचणाऱ्यांचा कल पाहून तिथल्या तिथे सूर वळवण्याची जॅझची मोकळीक, असे दोन्ही शिक्षण एकाच शहरात झाले.

संगीतकार सलील चौधरी यांच्या आग्रहावरून ते १९५८ मध्ये मुंबईत आले. त्याच वर्षी अमेरिकन जॅझ-पियानोवादक डेव्ह ब्रुबेक यांचा चमू मुंबईत वाजवून गेला होता. शहराला जॅझ नवे नव्हते. १९३५ मध्ये लिऑन ॲबी यांच्या कृष्णवर्णीय अमेरिकन बँडने ताजमहाल हॉटेल गाजवले, त्यानंतर गोव्याच्या वादकांची एक अख्खी पिढी या संगीतावर पोसली गेली. मिकी कोरिया यांचा बँड १९३९ पासून दोन दशकांहून अधिक काळ ताजमध्ये होता. चिक चॉकलेट ट्रम्पेट वाजवत आणि सी. रामचंद्र यांच्या चित्रपटांत साहाय्यक म्हणूनही काम करत. ‘अलबेला’ (१९५१) मधल्या गाण्यांचा तो उडता ठेका मराठी श्रोत्याच्या कानात अजून आहे. मुंबई राज्यात दारूबंदी आल्यावर हॉटेलांतली बँडची मागणी घटली आणि ही मंडळी मोठ्या संख्येने चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणाकडे वळली. अँथनी गोन्साल्विस, सेबॅस्टियन डिसोझा, फ्रँक फर्नांड यांनी संगीतकाराची चाल कागदावर उतरवून तिला व्हायोलिन, ब्रास आणि गिटारची बैठक देण्याची रीत घालून दिली. मनोहारी सिंग आले ते अशा तयार जमिनीवर. ते गोव्याचे नव्हते, चर्चच्या संगीतशाळेत शिकलेले नव्हते, तरीही स्वरलिपी वाचण्यात त्या कोणाहून मागे नव्हते. म्हणूनच त्यांना काम मिळायला वेळ लागला नाही.

सचिनदेव बर्मन यांच्या ‘सितारों से आगे’ (१९५८) या चित्रपटात त्यांचा सॅक्सोफोन ठळकपणे ऐकू आला. त्यानंतरच्या दहा वर्षांत जवळजवळ प्रत्येक मोठ्या संगीतकाराने त्यांना बोलावले. ओ. पी. नय्यर यांच्या ‘कश्मीर की कली’ (१९६४) मधील महंमद रफींचे ‘है दुनिया उसी की’, शंकर-जयकिशन यांच्या ‘आरज़ू’ (१९६५) मधील लता मंगेशकरांचे ‘बेदर्दी बालमा’, सचिनदेवांच्या ‘गाइड’ (१९६५) मधील ‘तेरे मेरे सपने’ आणि ‘गाता रहे मेरा दिल’, ‘आराधना’ (१९६९) मधील ‘रूप तेरा मस्ताना’ ही त्यांतली सर्वांना ठाऊक असलेली गाणी.

यांतले ‘है दुनिया उसी की’ नीट कान देऊन ऐकण्याजोगे आहे. रफींची ओळ जिथे श्वासाला थांबते, तिथे सॅक्सोफोन शिरतो. पण तो रिकामी जागा भरायला आलेला नसतो. गायकाने अर्धवट सोडलेले तो पुढे नेतो, ओळीच्या शेवटच्या स्वरावर किंचित रेंगाळतो आणि गायक परत येण्याआधी आवाज आवरता घेतो. या आवरते घेण्यातच त्यांची खरी जात दिसते. जोर दाखवायला जागा भरपूर होती, त्यांनी तो दाखवला नाही. ‘रूप तेरा मस्ताना’ मध्ये उलट परिस्थिती आहे. शक्ती सामंतांनी ते गाणे एका सलग दृश्यात चित्रित केले, त्यामुळे पडद्यावर काट नाही आणि सगळा ताण संगीतावर येतो. किशोरकुमारांचा दबलेला आवाज, केरसी लॉर्ड यांचे ॲकॉर्डियन आणि मनोहारींचा सॅक्सोफोन असा तो तिघांचा खेळ आहे. त्यात सॅक्सोफोन जवळजवळ कुजबुजतो.

हे वाद्य भारतीय चालीला सोपे नाही. सॅक्सोफोनचा देह पितळेचा असला तरी आवाज निघतो तो बोरूच्या पट्टीतून, आणि स्वर ठरतात कळांनी. सारंगी किंवा बासरीवर बोट सरकवून मींड घेता येते, इथे एका कळेवरून दुसरीवर गेले की स्वर पायरी चढतो. मधली वाट काढायची तर ओठांचा दाब आणि फुंक यांवरच. मनोहारींच्या वादनात ती मींड आहे, पण बेताची. गाणाऱ्याच्या गळ्याची हुबेहूब नक्कल करण्याच्या फंदात ते पडले नाहीत. पुढे कर्नाटक संगीतात कद्री गोपालनाथ यांनी याच वाद्यावर गमक आणून दाखवले, तो वेगळा आणि मोठा मार्ग. मनोहारींचे काम चार-आठ मात्रांच्या जागेत परिणाम साधण्याचे होते आणि त्या कामात त्यांची बरोबरी करणारा शोधावा लागतो.

‘जॅझवादक’ म्हणून त्यांचे मोजमाप करायचे झाले, तर मुख्य पुरावा १९६८ ची ‘रागा-जॅझ स्टाइल’ ही शंकर-जयकिशन यांची तबकडी. तोडी, भैरव, मालकंस, कलावती, तिलककामोद, मियाँमल्हार, बैरागी, जयजयवंती, मिश्र पिलू, शिवरंजनी आणि भैरवी अशा ११ रागांवर बेतलेल्या या रचनांत रईस खाँ सतारीवर, जॉन परेरा ट्रम्पेटवर, लेस्ली गोदिन्हो ड्रम्सवर, रमाकांत तबल्यावर, ल्युसिला पाशेको पियानोवर आणि मनोहारी सिंग सॅक्सोफोन व बासरीवर होते. यात जॅझचा मुक्त विस्तार कमी आणि नेटके संयोजन अधिक आहे, हे मान्यच करायला हवे. रागाच्या अंगाने जॅझ खरोखर पुढे नेण्याचे काम गोव्याच्या ब्राझ गोन्साल्विस या दुसऱ्या थोर सॅक्सोफोनवादकाने केले. तरी तबकडीतला सॅक्सोफोन रागाच्या स्वरांना धक्का न लावता झुलतो कसा, हे ऐकले की कलकत्त्याच्या हॉटेलातली ती रात्रीची तालीम कुठे मुरली याचा उलगडा होतो.

त्यांच्या कारकिर्दीचा दुसरा आणि बहुधा अधिक मोलाचा भाग म्हणजे राहुलदेव बर्मन यांच्याकडील कामगिरी. पंचम या नावाने ओळखल्या जाणाऱ्या राहुलदेवांच्या साहाय्यकांचे त्रिकूट होते : सेलोवादक बासुदेव चक्रवर्ती, मनोहारी सिंग आणि तालाची बाजू सांभाळणारे मारुतीराव कीर. ‘तीसरी मंज़िल’ (१९६६) च्या यशानंतर या चमूने चित्रपटसंगीताचा नाद बदलून टाकला. कामाची वाटणी साधारण अशी होती की, चाल आणि गाण्याची मूळ कल्पना पंचम यांची, तंतुवाद्यांकडे बासूंचा ओढा, फुंकवाद्ये आणि ब्रास मनोहारींच्या अखत्यारीत, तर तबला, मादल, बोंगोपासून घासण्या-खडखडण्याच्या वाद्यांपर्यंत सारा ठेका मारुतीरावांचा. प्रत्यक्षात या सीमा पक्क्या नव्हत्या. केरसी लॉर्ड, होमी मुल्लन, दार्जिलिंगकडचे मादलवादक रणजित गजमेर, गिटारवर भूपिंदर, सतत नवे सुचवणाऱ्या अशा माणसांनी खोली भरलेली असे.

संयोजक नेमके काय करतो, हे श्रोत्याला सहसा दिसत नाही. संगीतकार पेटीवर चाल ऐकवतो. ती किती वाद्यांवर, कोणत्या पट्टीत, कुठे एकेरी आणि कुठे भरगच्च वाजायची, दोन कडव्यांमधल्या संगीतात काय घडायचे, हे ठरवून प्रत्येक वादकासाठी वेगळा कागद लिहावा लागतो. फुंकवाद्यांची गोष्ट आणखी किचकट. आल्टो सॅक्सोफोनवर ‘सी’ म्हणून लिहिलेला स्वर कानाला ‘ई फ्लॅट’ ऐकू येतो. ट्रम्पेटवर तोच ‘बी फ्लॅट’ होतो. तेव्हा एकच स्वर दोघांनी वाजवायचा तर दोघांच्या कागदांवर दोन वेगळे स्वर लिहायचे. गायकासकट पन्नास-साठ माणसे ताडदेवच्या फिल्म सेंटरमध्ये एकाच वेळी वाजवत असताना एकाच्या कागदात चूक निघाली, तर सगळा टेक वाया. अशा जागी स्वतः वाजवणारा आणि तरी प्रत्येकाच्या कागदावर लक्ष असणारा माणूस मोलाचा ठरतो. ध्वनिमुद्रणाची उस्तवार करणारा निर्माता असा वेगळा हुद्दा तेव्हा हिंदी चित्रपटांत नव्हता. ते काम या साहाय्यकांच्याच अंगावर पडे.

‘बासू-मनोहारी’ या नावाने दोघांनी ‘सबसे बड़ा रुपैया’ (१९७६), ‘कन्हैया’ (१९८१), ‘चटपटी’ (१९८३) अशा काही चित्रपटांना स्वतंत्र संगीत दिले. पहिल्याचे शीर्षकगीत लोकांच्या तोंडी बसले. पण संगीतकार म्हणून ही जोडी फार पुढे गेली नाही. याशिवाय लोकप्रिय गाण्यांच्या चाली सॅक्सोफोनवर वाजवलेल्या त्यांच्या तबकड्या निघाल्या आणि पुष्कळ घरांत त्या पोचल्या. प्रसंगी ते मँडोलिनही वाजवत.

१९८० नंतर सिंथेसायझर आला, वाद्यवृंद आटत गेले आणि मल्टिट्रॅक ध्वनिमुद्रणामुळे सर्वांनी एकत्र बसून वाजवण्याची गरजही उरली नाही. पंचम यांना पुरेसे काम मिळेना, त्या पडत्या काळातही मनोहारींनी त्यांची साथ सोडली नाही. ४ जानेवारी १९९४ रोजी पंचम गेले. त्यानंतर रंगमंचावरच्या कार्यक्रमांतून मनोहारी लोकांसमोर आले, आणि पडद्यामागून चार दशके ऐकलेला आवाज कोणाचा होता हे पुष्कळांना तेव्हा प्रथम कळले. अभ्यासक ग्रेगरी बूथ यांच्या ‘बिहाइंड द कर्टन’ (२००८) या मुंबईच्या चित्रपटवादकांवरील ग्रंथाने आणि ब्रह्मानंद सिंग यांच्या ‘पंचम अनमिक्स्ड’ (२००८) या माहितीपटाने या पिढीच्या कामाची नोंद घेतली. मुंबईत १३ जुलै २०१० रोजी त्यांचे निधन झाले.

पुढच्या पिढीतील श्यामराज, राज सोढा प्रभृतींनी मुंबईच्या ध्वनिमुद्रणांत सॅक्सोफोनची जागा राखली. लग्नांच्या वरातीत क्लॅरिनेट-सॅक्सोफोनवर हिंदी गाणी वाजवणाऱ्या बँडवाल्यांपुढे मधल्या संगीताचा जो नमुना असतो, त्यातही या परंपरेचा वाटा आहे. मनोहारी सिंग यांनी वाजवलेल्या गाण्यांच्या तबकड्यांवर गायक, गीतकार आणि संगीतकार यांची नावे छापली जात, वादकाचे नाव क्वचितच. त्यामुळे त्यांच्या वादनाची संपूर्ण सूची आजही सिद्ध झालेली नाही, आणि संयोजकांनी लिहिलेले स्वरलिपीचे कागद फारसे जतन झालेले नाहीत. ज्यांच्या घरी असे कागद, ध्वनिमुद्रणाच्या रोजनिश्या किंवा वादकांच्या आठवणी असतील, त्यांनी त्या संग्रहालयांच्या हवाली कराव्यात; या कारकिर्दीची पुढची नोंद त्यावरूनच लिहिता येईल.