वेग आणि ताळा

मंडळी, प्रोसेसरला कारखान्याने ठरवून दिलेल्या वेगापेक्षा जास्त पळवणे म्हणजे ओव्हरक्लॉकिंग. १९९८ साली या नादाला बहर आला. इंटेलचा स्वस्तातला सेलेरॉन ३००ए होता ३०० मेगाहर्ट्झचा, गुणक ४.५ ला पक्का केलेला. पण मदरबोर्डवर बसचा वेग ६६ चा १०० केला की ४५० मेगाहर्ट्झ! साधा गुणाकार. महागड्या पेन्टियम २ चा वेग हौशी लोकांनी असा पदरात पाडून घेतला.

पण संगणक सुरू झाला म्हणजे बरोबर चालतो असे नव्हे. व्होल्टेज अपुरे पडले, उष्णता वाढली किंवा मेमरीला वेग झेपला नाही, की एखादा बिट गुपचूप बदलतो. उत्तर चुकते आणि कळतही नाही! म्हणून एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि ताळा करून बघायचा. मेमटेस्ट८६ मेमरीत आकडे लिहून परत वाचतो. प्राइम९५ तासन्‌तास उत्तरे आधीच ठाऊक असलेली गणिते सोडवतो.

गंमत म्हणजे खुद्द इंटेलही यात सापडली. एएमडीशी शर्यत चालू असताना जुलै २००० मध्ये १.१३ गिगाहर्ट्झचा पेन्टियम ३ आला. समीक्षक थॉमस पाब्स्ट यांच्याकडे त्यावर लिनक्सचे कर्नल कंपाइल होईना. इतरांनीही पडताळून पाहिले. ऑगस्टअखेर इंटेलने तो परत मागवला.

वर्गात मी ताळ्याला वेगळा गुण देत असे, मुले कुरकुरत. असो. कंपनी केवढीही मोठी असो, ताळा जमला नाही तर उत्तर चूकच.