दातवण आणि दंतलेखन

कारंजा तालुक्यातील धनज हे गाव 1998 साली अकोल्याच्या दप्तरातून निघून नव्या वाशिम जिल्ह्यात दाखल झाले. पण जिल्हे बदलले तरी वऱ्हाडातील मौजांची सकाळ पिढ्यान्‌पिढ्या बाभळीच्या नाहीतर कडुनिंबाच्या काडीनेच उजाडत आली. आयुर्वेदाचार्य वाग्भटाने दंतकाष्ठासाठी सांगितलेल्या वृक्षांत वड, खैर, अर्जुन यांच्या पंक्तीस करंजही बसला आहे, हे वाचून कारंजेकरांस संतोष वाटावा.

सुश्रुताची दृष्टी याहून खोल गेली होती. त्याने दंतमूलाचे पंधरा रोग वर्णिले. प्रमेहाची, म्हणजे मधुमेहासारख्या मूत्ररोगांची, पूर्वचिन्हे सांगताना मूत्राच्या माधुर्याबरोबर श्वासाची दुर्गंधी आणि टाळू, जीभ व दात यांवर साचणारा मल यांचीही नोंद केली. आणि दातांवर घट्ट बसलेली शर्करा, म्हणजे कीटण, मुळास इजा न करता शस्त्राने काढून मग मधात कालवलेले लाखेचे चूर्ण चोळावे, असा दंतलेखनाचा विधीही घालून दिला. या शास्त्रापैकी काडी तेवढी घरोघर पोचली, कारण ती कुंपणावर फुकट मिळे. शस्त्र मात्र चूर्ण-काढ्यांवर निर्वाह करणाऱ्या वैद्यांच्या हातून सुटले, आणि तुंबडी लावणाऱ्या बलुतेदाराकडून दंतलेखनाची अपेक्षा करणे अन्यायाचे होते. हलणारा दात हा मग वार्धक्याचा महसूल समजून मुकाट्याने भरला जाई.

ते शस्त्र परतले ते दंतमहाविद्यालयांच्या वाटेने: मुंबईत नायर रुग्णालयात 1933 साली, विदर्भात नागपुरास 1968 साली. त्याआधीच 1930 साली टिलेट आणि फ्रान्सिस यांना न्यूमोनियाच्या रुग्णांच्या रक्तात सी-रिॲक्टिव्ह प्रोटीन सापडले होते, आणि शरीरात कोठेतरी दाह धुमसत असल्याची वर्दी देणारे एक चिन्ह वैद्यकास लाभले होते. हिरडीच्या खिशांतील जंतू असाच दाह जागता ठेवतात, दाह इन्शुलिनच्या कार्यास अडथळा करतो, आणि वाढलेली साखर पुन्हा हिरडीचीच प्रतिकारशक्ती खच्ची करते. 1993 साली हॅराल्ड लोए यांनी हिरड्यांच्या या रोगास मधुमेहाचा सहावा उपद्रव म्हटले ते याच संबंधामुळे. दातांची मुळे खरवडून स्वच्छ केल्यावर ते प्रोटीन काहीसे उतरते, आणि तीन-चार महिन्यांत मधुमेहींच्या रक्तातील साखरेची पातळी दाखवणारा एचबीएवनसीचा आकडाही सरासरीने सुमारे 0.4 टक्के-बिंदूंनी खाली येतो. हा लाभ मधुमेहाच्या गोळीची जागा घेण्याइतका नाही, पण उपेक्षणीयही नाही. आणि तो काडीने पदरात पडत नाही, कारण हिरडीखाली दगडासारखे बसलेले कीटण दातवणास दाद देत नाही.