नैराश्यावरची गोळी थांबवल्यानंतरही राहणारे त्रास

एस्सिटॅलोप्रॅम, सर्ट्रालिन, फ्लुओक्सेटिन, पॅरोक्सेटिन ही 'एसएसआरआय' गटातील औषधे. मळमळ, डोकेदुखी असे सुरुवातीचे त्रास बहुधा दोन-तीन आठवड्यांत ओसरतात. लैंगिक तक्रारी मात्र गोळी चालू असेपर्यंत राहू शकतात: इच्छा कमी होणे, ताठरता न येणे, वीर्यपतनास किंवा कामतृप्तीस उशीर. (याच गुणामुळे शीघ्रपतनावर ही औषधे मुद्दाम दिली जातात.)

गोळी थांबवल्यावर बहुतेकांना पूर्ववत वाटू लागते. काही थोड्या रुग्णांत मात्र हा त्रास महिनोन्‌महिने, क्वचित वर्षानुवर्षे टिकतो. २०१९ मध्ये युरोपीय औषध नियामक संस्थेने औषधाच्या माहितीपत्रकात तशी सूचना घालण्यास सांगितले. नैराश्यातही कामेच्छा जाते, त्यामुळे 'हा आजाराचाच भाग' म्हणून तक्रार सहज बाजूला पडते. पण जननेंद्रियाला बधिरपणा आला असेल, तर नुसत्या नैराश्याने तसे सहसा होत नाही. हे डॉक्टरांना स्पष्ट सांगा. याची नेमकी तपासणी किंवा खात्रीचा उपचार अजून नाही; तरी मधुमेह, थायरॉईड, हार्मोन्स आणि इतर औषधे तपासून घ्यावीत.

दुसरा त्रास औषध सोडतानाचा. चक्कर, डोक्यात विजेचा झटका बसल्यासारखे वाटणे, विचित्र स्वप्ने, चिडचिड, रडू येणे. पॅरोक्सेटिन आणि व्हेन्लाफॅक्सिन शरीरातून लवकर निघून जातात, म्हणून त्यांचा त्रास जास्त. फ्लुओक्सेटिन सावकाश जाते, म्हणून कमी. बहुतेकांना काही आठवडे, काहींना काही महिने त्रास होतो. घरच्यांना वाटते आजार उलटला. गोळी कमी केल्यावर काही दिवसांतच आणि पूर्वी कधी नसलेली लक्षणे आली, तर ती बहुधा औषध सुटण्याची असतात. आजार परततो तो सहसा हळूहळू, आठवड्यांनी.

डोस उतरवताना शेवटचा टप्पा सर्वांत अवघड, कारण अगदी लहान डोसही मेंदूवर बराच परिणाम करत असतो. २० मिलिग्रॅमवरून १० वर येणे सोपे जाते, ५ वरून शून्यावर येणे जड जाते. तिथे घाई नको.

हे वाचून आज रात्रीची गोळी मात्र चुकवू नका. तीव्र नैराश्यात ही औषधे जीव वाचवतात. डोस कमी करणे किंवा बुप्रोपियॉनसारखे लैंगिक त्रास कमी असलेले औषध घेणे, हे पर्याय डॉक्टरांशी बोलून ठरवता येतात. जोडीदारासमोर बोलायला संकोच वाटत असेल, तर पाच मिनिटे एकट्याने भेटायचे आहे असे सांगा. आम्हाला त्याची सवय असते. मनात आत्महत्येचे विचार येत असतील तर पुढच्या भेटीची वाट न पाहता 'टेली-मानस'च्या १४४१६ या क्रमांकावर फोन करा.