जिउ-जित्सूचे व्हिडिओ बघून शिकायचंय? कोर्सचे पैसे भरण्याआधी हे वाचा

रीलवर एक डाव दिसतो. पंधरा सेकंदांत समोरचा आडवा, पाय अडकलेला, हाताने चटईवर टपटप मारतोय. तुम्ही रील सेव्ह करता आणि आठवड्याभरात फीडमध्ये जिउ-जित्सूशिवाय दुसरं काही दिसेनासं होतं. मग जाहिरात येते: अमुक विश्वविजेत्याचा आठ तासांचा कोर्स, फक्त आजच्या दिवस निम्म्या किमतीत.

लालबाग-परळमध्ये राहणाऱ्याला हा मोह जास्त होतो, त्याला कारण आहे. मुंबईत ब्राझिलियन जिउ-जित्सू शिकवणारे क्लब आहेत, पण बरेचसे पश्चिम उपनगरांत. करी रोडहून निघायचं, दादरला गाडी बदलायची आणि संध्याकाळच्या गर्दीत वांद्रे किंवा अंधेरी गाठायचं, हे आठवड्यातून दोनदा जमलं तरी खूप झालं. उरलेल्या पाच दिवसांत मोबाईल हाच वस्ताद. त्यामुळे कुठला व्हिडिओ बघायचा, हा प्रश्न इथे चैनीचा नाही.

आधी हा खेळ थोडक्यात. मित्सुयो माएदा नावाचा जपानी जुदोपटू १९१४ साली ब्राझीलला पोहोचला. त्याच्याकडून ही विद्या ग्रेसी कुटुंबात गेली आणि त्यांनी तिला जमिनीवरच्या झुंजीचं रूप दिलं. १९९३ च्या नोव्हेंबरात अमेरिकेत डेन्व्हरला पहिली यूएफसी स्पर्धा झाली. अंगापिंडाने साधा दिसणारा रॉयस ग्रेसी एका रात्रीत तीन लढती जिंकला आणि हा खेळ जगभर पोहोचला. यात ठोसा-लाथ नाही. पकड, गळा आवळणं आणि सांधे उलटे वळवणं एवढंच. जुदोसारखा जाड कोट घालून खेळतात तो गी प्रकार, साध्या कपड्यांत खेळतात तो नो-गी. ग्रॅपलिंग हा शब्द बहुतेकदा या दुसऱ्या प्रकारासाठी वापरतात.

पकडीचा खेळ म्हटल्यावर आपल्याकडच्या पोरांना वाटतं, हे तर आपलंच. ते खोटं नाही. सातारा, सांगली, कोल्हापूरकडून गिरण्यांत आलेल्या कामगारांनी कुस्ती सोबत आणली, आणि कबड्डी तर गिरणगावात गल्लोगल्ली मुरलेली. कबड्डीत चढाईला आलेल्या गड्याचा घोटा धरणाऱ्याला समोरच्याचा पाय कसा उचलायचा हे निराळं शिकवावं लागत नाही. तालमीत पट काढायला शिकलेला पोरगा जिउ-जित्सूच्या क्लबमध्ये पहिल्या दिवशी भल्याभल्यांना खाली घेतो.

गंमत त्यानंतर सुरू होते.

कुस्तीत पाठ टेकली की चितपट, संपला विषय. म्हणून खाली सापडलेला पैलवान पोटावर पालथा होतो आणि माती धरून ठेवतो. वरचा घिस्सा मारायला बघतो, घुटना ठेवतो, पण खालचा उलटत नाही. वर्षानुवर्षांच्या मेहनतीने ही सवय अंगात भिनलेली असते. जिउ-जित्सूत पाठ टेकल्याने कोणी हरत नाही. उलट पाठीवर पडून दोन्ही पायांनी समोरच्याला अडवायचं, याला गार्ड म्हणतात आणि निम्मा खेळ तिथूनच चालतो. आणि पालथं होणं? ते म्हणजे आपली पाठ आणि मान प्रतिस्पर्ध्याच्या हवाली करणं. तो पाठीवर बसतो, दोन्ही पाय आत घालतो आणि मागून गळा आवळतो.

गुणांचा हिशेबही तेच सांगतो. आयबीजेजेएफ या मोठ्या संघटनेच्या नियमांत प्रतिस्पर्ध्याला खाली पाडण्याचे २ गुण मिळतात, त्याच्या पायांचा अडथळा ओलांडण्याचे ३, आणि छातीवर किंवा पाठीवर बस्तान बसवण्याचे ४. म्हणजे पैलवानाचं सगळ्यात तयार हत्यार इथे सगळ्यात स्वस्त.

नियम बदलला की कसलेला मल्लही अडखळतो, याचं उदाहरण आपल्याच मातीतलं आहे. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९४८ च्या लंडन ऑलिम्पिकला गेले तेव्हा मॅटची आणि आंतरराष्ट्रीय नियमांची त्यांना सवय नव्हती. तरी ते सहावे आले. पुढची चार वर्षं तयारी करून १९५२ साली हेलसिंकीत त्यांनी कांस्यपदक आणलं.

तर मग व्हिडिओ कुठला?

तुम्ही तालमीतून किंवा कबड्डीतून आला असाल, तर पहिला व्हिडिओ पाडण्याच्या डावांचा घेऊ नका. तो बघायला सगळ्यात जास्त मजा येईल, कारण त्यातलं निम्मं तुम्हाला आधीच येतंय. तुम्हाला हवा आहे तो खालून सुटण्याचा आणि गार्डचा व्हिडिओ. छातीवर बसलेल्याला कसं उलथवायचं, बगलेतून दाबून धरलंय तिथून कंबर कशी सोडवायची, मागून गळ्यात हात आला तर आधी काय धरायचं. दिसायला रटाळ, पण पहिले सहा महिने तुम्ही तिथेच असणार आहात. अगदी नवख्या माणसाचंही उत्तर जवळपास हेच आहे, फक्त त्याने सोबत पाडण्याचे एकदोन सोपे डावही बघावेत. सहा वेळा विश्वविजेता ठरलेल्या साऊलो रिबेइरोच्या ‘जिउ-जित्सू युनिव्हर्सिटी’ या २००८ सालच्या पुस्तकात पांढऱ्या पट्ट्याच्या वाट्याला कुठला विषय आलाय? तग धरणं. हल्ल्याचा विषय थेट काळ्या पट्ट्यापाशी येतो.

सशुल्क कोर्सपैकी या गरजेला बसणारा म्हणजे न्यूझीलंडच्या जॉन डॅनहरच्या ‘गो फर्दर फास्टर’ मालिकेतला पिन एस्केप्सचा भाग. हा माणूस एकच गोष्ट तीन-तीनदा सांगतो, त्यामुळे काहींना झोप येते. पण डाव का चालतो हे समजावण्यात त्याचा हात धरणारे फार थोडे. ऑस्ट्रेलियाच्या लॅकलन जाइल्सचं शिकवणं याच्या उलट, नेमकं आणि आटोपशीर. मासिक वर्गणीवर चालणारी त्याची सबमेटा ही साइट आहे आणि यूट्यूबवरही त्याचं बरंच काही फुकट मिळतं. माझं मत विचाराल तर लालबागच्या पोराने पहिला रुपया खर्च करण्याआधी जाइल्स, जॉर्डन टीचेस जिउजित्सू आणि च्यूजित्सू या तीन यूट्यूब वाहिन्यांवर दोन महिने काढावेत. तोवर आपण नेमके कुठे अडकतो हे कळलेलं असतं.

हे कळणं हीच खरी निवड. “चांगला व्हिडिओ कुठला?” याला उत्तर नाही. “मला परवा तिघांनी डाव्या बाजूने दाबून धरलं, तिथून सुटता येत नाही,” याला उत्तर आहे.

कुठलाही व्हिडिओ तपासायची सोपी रीत सांगतो. पाच मिनिटं बघा आणि शिकवणारा तीन गोष्टी सांगतो का पाहा: समोरच्याने विरोध केला तर काय करायचं, डाव फसला तर कुठे यायचं, आणि आपलं वजन कुठे ठेवायचं. रीलमध्ये यातलं काही नसतं, कारण तिथे समोरचा माणूस आधीच पडायला तयार असतो. आणि हे काही आजचं नाही. ग्रेसी कुटुंबाने १९८० च्या दशकाच्या अखेरीस ‘ग्रेसी इन अ‍ॅक्शन’ ही गाजलेली व्हिडिओ कॅसेट काढली, तिचा भर डाव शिकवण्यावर नव्हताच. आपण कुणाकुणाला कसं हरवलं हे दाखवून ती लोकांना क्लासकडे ओढायची. आजची रीलही बहुतेकदा कोर्सची जाहिरातच असते.

शिकवणाऱ्याची अंगकाठीही बघा. बर्नार्डो फारियाचा हाफ गार्ड उत्तम, पण तो धिप्पाड माणूस आहे, खालून दाब देत खेळतो. साठ किलोच्या मुलीला चार वेळा एडीसीसी जिंकलेल्या मार्सेलो गार्सियाचं चपळ खेळणं जास्त उपयोगी पडेल. शिवाय गी की नो-गी? क्लबमध्ये कोट घालत नसाल, तर कॉलर धरून गळा आवळण्याचा कोर्स घेऊन काय करणार?

आता थांबून वाचावं असा भाग. पायाच्या पकडींचे व्हिडिओ सध्या जोरात चालतात. २०१९ च्या एडीसीसीत याच जाइल्सने खुल्या गटात आपल्याहून कितीतरी वजनदार मल्लांना हील हुक लावून कांस्य घेतलं, तेव्हापासून तर विचारू नका. हील हुक म्हणजे टाच पिळून गुडघा फिरवणं. यात दुखायला लागेपर्यंत अनेकदा गुडघ्यातला लिगामेंट गेलेला असतो. म्हणूनच आयबीजेजेएफने तो २०२१ पासून खुला केला, तोही फक्त नो-गीत, प्रौढ तपकिरी आणि काळ्या पट्ट्यांना. घरी चुलत भावावर करून बघायचा हा प्रकार नाही. उडी मारून दोन्ही पायांची कात्री घालून पाडण्याचंही तेच. १९८० साली त्याच डावाने जपानचा महान जुदोपटू यामाशिताचा पाय मोडला आणि पुढे जुदोत त्यावर बंदी आली. सांधा पिळण्याचा किंवा गळ्याचा कुठलाही डाव आधी प्रशिक्षकासमोर करायचा आणि मगच त्याचा व्हिडिओ उजळणीला घ्यायचा.

आणि टॅप. कुस्तीत शेवटपर्यंत दम धरणाऱ्याचं कौतुक होतं, त्यामुळे पैलवान चटईवर हात आपटायला लाजतात. इथे लाजलात तर कोपर किंवा गुडघा घेऊन महिनोन्‌महिने घरी बसाल.

घरी काय करता येतं? दहा बाय बाराच्या खोलीत एकट्याने दोन हालचाली भरपूर. पाठीवर पडून कंबर वर उचलत पूल करायचा, आणि कुशीवर वळून कंबर मागे सरकवायची. दुसरीला इंग्रजीत श्रिम्प म्हणतात, म्हणजे आपली कोळंबी, आणि करताना माणूस दिसतोही तसाच. खाली फोमची चटई टाका, नाहीतर खालच्या मजल्यावरून लगेच हाक येईल. बाकी सगळ्याला जोडीदार लागतो. एक डाव, तीन-चार मिनिटांचा तुकडा, वहीत दोन ओळी आणि पुढच्या क्लासला तोच डाव जोडीदार विरोध करत असताना किमान दहादा. आठ तासांचा कोर्स असा बघितला तर वर्षभर पुरतो.

पैशांचं शेवटी. बीजेजे फॅनॅटिक्ससारख्या साइटवर कोर्सची छापील किंमत बऱ्याचदा ७७ डॉलर किंवा त्याहून वर असते, म्हणजे साडेसहा हजार रुपयांच्या पुढे. ती पूर्ण किंमत कधीच भरू नका. सवलतीचे कोड सतत येत असतात, “फक्त आज” ची ऑफर पुढच्या महिन्यात पुन्हा दिसते. बँकेच्या अ‍ॅपमधून कार्डावरचे आंतरराष्ट्रीय व्यवहार आधी सुरू करावे लागतात आणि परकीय चलनाचं शुल्क वेगळं लागतं, तेही हिशेबात धरा. टेलिग्रामवर चोरीचे कोर्स ढिगाने फिरतात. त्यातला कायद्याचा भाग आहेच, पण चाळीस कोर्स मोबाईलमध्ये भरून ठेवणारा त्यातला एकही पुरा बघत नाही. एवढ्या पैशांत क्लबची एखाद महिन्याची फी निघत असेल आणि दोन्हींतलं एकच परवडणार असेल, तर फी भरा.